पलसाण्याचा पहिला प्लॉट

सुरत जिल्ह्यातल्या पलसाण्यात मुंबई-अहमदाबाद आणि हजिरा-धुळे हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. शेजारी कडोदऱ्याच्या डाइंग मिल, चलथाणचा साखर कारखाना. अंत्रोळीला बुलेट ट्रेनचे सुरत स्थानक, एनाजवळून दिल्ली-मुंबई एक्स्प्रेसवे. प्लॉट विकायला एवढे भांडवल पुरे होते, आणि या पट्ट्यात ते मनसोक्त वापरले जाते.

ऐकणारा गिऱ्हाईक बऱ्याचदा खानदेशी असतो. जळगाव-धुळ्याहून लूमवर आलेल्या बापाचा, सुरतेत उधना-लिंबायतच्या खोलीत वाढलेला मुलगा. शहरात फ्लॅट परवडत नाही म्हणून तो वाराच्या भावाने मिळणाऱ्या प्लॉटकडे वळतो. मराठी, त्यातही अहिराणी बोलणारा सल्लागार भेटला की निम्मी चौकशी तिथेच संपते. म्हणून या पट्ट्यात काम करणाऱ्या आपल्या सल्लागार वाचकांवरची जबाबदारी जरा जास्त आहे.

गुजरातमध्येही सातबाराच असतो, आणि ही ओळखच घात करते. मूळ कायदा एकच: 1948 चा मुंबई कुळकायदा. 1960 मध्ये राज्ये वेगळी झाली, तरी कलम 43 आणि 63 दोन्हीकडे त्याच आकड्यांनी ओळखली जातात. कलम 63 मुळे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. गावाकडचा सातबारा दाखवून गुजरातेत ‘खेडूत’ ठरता येईल, असे गिऱ्हाइकाला सांगू नये. कलम 43 म्हणजे नवी शर्त. परवानगी आणि प्रीमियमशिवाय ती जमीन हलत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर मात्र जमीन महसूल कायद्याचे कलम लागते. महाराष्ट्रात ते 36-अ, इथे 73-एए, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय झालेला व्यवहार टिकत नाही. दक्षिण गुजरातेत हळपती वस्ती मोठी आहे, म्हणून ही नोंद आधी शोधावी. सातबारा पाहून थांबू नये, गाव नमुना 6 मधल्या जुन्या नोंदीही वाचाव्यात. बिनखेतीचा हुकूम हातात नसेल तर ‘प्लॉट’ हा शब्द वापरण्यातच घाई होते.

स्वस्त प्लॉट बऱ्याचदा मुखत्यारपत्र आणि ताबा पावतीवर फिरतात. सुरज लॅम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2011 मध्ये स्पष्ट केले, की अशा कागदांनी मालकी जात नाही. नोंदणीकृत दस्तच लागतो. हा निकाल येऊन इतकी वर्षे झाली, तरी ‘इथे असंच चालतं’ हे वाक्य अजून चालते.

खर्चाचा हिशेब तर पहिल्याच भेटीत मांडावा. 12 लाखांच्या प्लॉटवर 4.9 टक्के मुद्रांक म्हणजे 58,800 आणि 1 टक्का नोंदणी म्हणजे 12,000 रुपये. खरेदी फक्त बायकोच्या नावावर केली तर हे 12,000 वाचतात. जंत्री, म्हणजे सरकारी दर, सौद्यापेक्षा जास्त असेल तर मुद्रांक जंत्रीवर बसतो, आणि एप्रिल 2023 मध्ये जमिनीची जंत्री दुप्पट झाली आहे. बाकी रोखीत देऊ म्हणणाऱ्याला आयकर कायद्याची 20,000 ची मर्यादा सांगावी, मग तो रागावला तरी.

आता आपल्या, म्हणजे सल्लागारांच्या, घराकडे. 500 चौरस मीटरहून मोठी प्लॉटिंग स्कीम रेरात नोंदवावी लागते, करार नोंदवण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि अशी स्कीम विकणाऱ्या दलालाचीही कलम 9 खाली नोंदणी हवी. नसेल तर दिवसाला 10,000 रुपये दंड, प्लॉटच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत. ‘मी फक्त ओळख करून दिली’ हा बचाव फार लांब जात नाही.

ज्याच्याकडे दीड-दोन लाखच आहेत, त्याला व्याजाने पैसे काढून प्लॉट घ्यायला लावण्याचे कारण नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या रीटचे एक युनिटही घेता येते; भाडे देणाऱ्या कार्यालयांत आणि मॉलमध्ये तेवढाच वाटा. त्यावर प्लॉटसारखी दलाली सुटत नाही, आणि हा पर्याय पलसाण्यातल्या गिऱ्हाइकाच्या कानावर क्वचितच का जातो, ते वेगळे सांगायला नको.