माळ्यावरचा संसार

पाहुणे आले की त्यांना लालबाग दाखवावयाचे काम आमच्याकडे येते. होळकरांचा हा प्रासाद १८८६ साली बांधावयास घेतला आणि १९२१ साली पुरा झाला. मुलांना बकिंगहॅमच्या धर्तीचे ते भव्य फाटक आवडते. आम्ही मात्र नृत्यगृहापाशी रेंगाळतो. नाचणाऱ्यांच्या पावलांना उसळी मिळावी म्हणून तेथील लाकडी जमीन स्प्रिंगांवर बसविली आहे. जमिनीवर भार कोणता पडणार, हे आधी ठरवून मग ती घडविली गेली. तेथून घरी आलो आणि नजर आमच्या माळ्याकडे गेली, की मन थोडे खजील होते.

आमचा माळा तीन पिढ्यांनी 'असू द्या, लागेल कधीतरी' एवढ्याच हिशेबावर भरला. तांब्याचे हंडे, घंगाळ, पाळणा, आजोबांच्या पुस्तकांच्या पेट्या आणि या साऱ्यांच्या मागे महालक्ष्म्यांचे मुखवटे. चार वर्षांपूर्वी भाद्रपदात ते काढण्यासाठी आई स्टुलावर चढली. वय बहात्तर. 'संध्याकाळी काढून देतो' असे सांगून आम्ही घराबाहेर पडलो होतो. स्टूल कलले आणि तिच्या मनगटाचे हाड मोडले. त्या वर्षी तिने एका हाताने महालक्ष्म्या उभ्या केल्या. बोल मात्र कोणाला लावला नाही. तेच आम्हांस अधिक लागले.

दुसऱ्याच महिन्यात आम्ही माळ्याच्या दुरुस्तीस हात घातला. चांगली शिडी आणावी, एवढाच विचार होता. सुताराने मात्र आधी सारे सामान खाली उतरवावयास लावले, आणि आमचे डोळे उघडले.

राहत्या खोलीच्या जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरावा, असे भारतीय मानक सांगते. जुना माळा तर बहुधा त्याहूनही हलक्या कामासाठी बांधलेला असतो. आता पाऊण मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि फूटभर उंच अशी पुस्तकांनी गच्च भरलेली पेटी घ्या. तिचे वजन पाऊणशे किलोंच्या आसपास जाते. एकट्या पेटीनेच ती मर्यादा गाठली. पेटीवर पेटी ठेवली की भार दुप्पट झाला! म्हणून पुस्तके आणि हंडे खाली, पाळणा आणि रिकाम्या टोपल्या वर, अशी आम्ही वाटणी केली. सिमेंटचा माळा भिंतीतून पुढे काढलेला असेल, तर वजनाची वस्तू भिंतीलगत ठेवावी, कडेला कदापि नको.

माळा रिकामा असतानाच तुळया तपासून घ्याव्यात. लाकूड ठोकल्यावर पोकळ आवाज आला, भिंतीवर वाळवीच्या मातीच्या रेघा दिसल्या, किंवा तुळईचे भिंतीतले टोक ओलसर लागले, तर पुढचे काम थांबवावे. वर जाण्याचे तोंड मोठे करावयाचे झाल्यास ते दोन तुळयांमधल्या जागेतच करावे. तुळई कापणे किंवा सिमेंटच्या छतातील सळई तोडणे हे काम अभियंत्याच्या सल्ल्यावाचून कोणीही करू नये.

आता शिडी. चार हात उंचीवर टेकणाऱ्या शिडीचा पाय भिंतीपासून एक हात दूर असावा. वरची टोके आकड्यांत अडकवावीत, पायांना रबर असावे, आणि वर पोहोचल्यावर धरावयास भक्कम मूठ हवी. माळ्याच्या कडेला कठडा लावावा. चढताना दोन्ही हात मोकळे हवेत. सामान खाली उभ्या असलेल्या माणसाने हाती द्यावे. दिव्याचे बटन खालीच घ्यावे. जुन्या कापडी वेष्टणाच्या तारा आढळल्या, तर वीज बंद करून त्या वायरमनकडून बदलून घ्याव्यात.

माळव्यातील वैशाखात पत्र्याखालचा माळा भट्टीसारखा तापतो. रॉकेल, रंग, फटाके तेथे ठेवू नयेत. घरातील मोडी कागद आणि जुनी छायाचित्रे तर मुळीच नकोत. महाराष्ट्रापासून दूर नांदलेल्या आपल्या घराण्यांची पूर्वपीठिका पुष्कळदा त्या एका रुमालातच बांधलेली असते. उष्णता, उंदीर आणि वाळवी यांच्या हवाली ती करू नये. कोरड्या कपाटात, हाताशी ठेवावी.

एवढे सारे केल्यावर आम्हांस उमगले, की खरा प्रश्न शिडीचा नव्हताच. माळ्यावर काय ठेवायचे हे आम्ही ठरवीत होतो, आणि ते काढावयास चढत होती आई. आपल्या घरी सणाच्या आदल्या दिवशी स्टुलावर कोण चढते, हे वाचकांनी एकदा आठवून पाहावे.

महालक्ष्म्यांचे मुखवटे आता देवघराशेजारच्या कपाटात, आईच्या खांद्याइतक्या उंचीवर असतात. गेल्या भाद्रपदात ते तिने स्वतःच काढले. आम्ही मदतीस पुढे झालो, तर म्हणाली, "राहू दे, पोचतो माझा हात."