मुद्दाम जुना केलेला रंग

अमेरिकेंतील कांहीं हौशी लोक १९५० च्या सुमाराच्या फोर्ड, शेव्हरोले मोटारींस नवा रंग देतात आणि लागलीच तो घासून जुनाट करितात, हें ऐकून आमच्या वाचकांस हंसूं येईल. परंतु या हौसेंत तथ्य आहे, असें आम्हांस वाटतें. चकचकीत मोटारीस हात लावण्याचीहि भीति वाटते. विटलेल्या रंगाची गाडी पाहिली म्हणजे हिच्यांतून कोणीं तरी पुष्कळ प्रवास केला असावा, असें मनांत येतें.

कृति मोठ्या कौशल्याची आहे. प्रथम तांबूस अस्तर, त्यावर रंगाचे थर; मग ते ओल्या पॉलिश पेपरनें जपून घासावयाचे. छप्पर व बॉनेट यांवर ऊन थेट पडतें, म्हणून तेथें अस्तर अधिक उघडें करावयाचें; चालकाच्या दाराची वरची कड कोंपरानें झिजते, तीहि विसरून चालत नाहीं. उघड्या पत्र्यावर मीठ-पाणी शिंपडून गंज आणितात व तो पसरूं नये म्हणून वर निस्तेज पारदर्शक रोगण देतात. ज्यास निरीक्षण नाहीं, तो ऊन किंवा हात कधीं न पोंचणाऱ्या जागींहि रंग उडवितो आणि तेथेंच पकडला जातो!

आपल्या हौसेकरितां हें करणें आम्ही दूषणीय मानीत नाहीं. पण तीच गाडी मूळच्या रंगाची म्हणून विकणें ही सरळ लबाडी होय. कॅलिफोर्नियांतील पेबल बीच येथील प्रदर्शनांत दुसऱ्या महायुद्धापूर्वींच्या, मूळ स्थितींत राखलेल्या मोटारींसाठीं स्वतंत्र वर्ग उघडण्यांत आला. अशा मोटारीचा रंग एकदां खरवडला कीं, कोणत्याहि कारागिरास तो परत आणितां येत नाहीं.