हार्टची खबर, पोटाकडून

हृदय थकलंय, आता पुढे काय? हा प्रश्न डॉक्टर रक्तालाही विचारतात. त्यातलं मला सगळ्यात भन्नाट वाटलेलं उत्तर चक्क आतड्यातून येतं. मटण, अंडी खाल्ली की पोटातले बॅक्टेरिया त्यातल्या कार्निटिन आणि कोलीनपासून टीएमए बनवतात (शिळ्या मासळीचा वास तो हाच!). लिव्हर त्याचं टीएमएओ करतं. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या टीमने २०१४ मध्ये हार्ट फेल्युअरच्या ७२० पेशंट्सचा अभ्यास मांडला. ज्यांच्या रक्तात टीएमएओ जास्त, त्यांच्यात ५ वर्षांत मृत्यूही जास्त. बीएनपी ही नेहमीची टेस्ट आणि किडनीचं काम हिशेबात धरूनही फरक उरलाच.

पण बॉस, लगेच मटण बंद करू नका! किडनी मंदावली की टीएमएओ आपसूक साचतं. म्हणजे हा गुन्हेगार की नुसता साक्षीदार, त्यावर अजून वाद आहे. शिवाय समुद्री माशांवर ताव मारला तरी ते काही तास वाढतं. त्यामुळे हेल्थ पॅकेजमध्ये हे नाव दिसलं तर मी तरी पैसे घालणार नाही. बाबांचे पाय सुजतायत, जिना चढताना दम लागतोय? आधी कार्डिऑलॉजिस्ट गाठा. इको आणि एनटी-प्रोबीएनपीचं ते बघतील.