फार दूर नाही, फार जवळ नाही : रविवारच्या सहलीविषयी

१/ पावसाच्या दोन चांगल्या सरी पडून गेल्या की मुंबईतल्या प्रत्येक मित्रमंडळात एकच प्रश्न फिरू लागतो : या रविवारी कुठे जायचे? प्रश्न साधा दिसतो. पण त्यातल्या ‘रविवार’, ‘कुठे’ आणि ‘जायचे’ या तिन्ही शब्दांमागे इतिहास आहे. तो ध्यानात घेतला तर सहलीची आखणीही बदलावी, असे माझे मत आहे. त्यासाठी हा धागा.

२/ आधी स्वतःचीच कबुली. गेल्या पावसाळ्यात आम्ही पाच जणी गाडी करून लोणावळ्याला निघालो. यादीत एक धबधबा, एक धरण, एक किल्ला आणि परतताना कार्ल्याची लेणी. घाटात वाहनांची रांग लागली. धबधब्यापाशी पाण्यापेक्षा छत्र्याच अधिक दिसल्या. किल्ला आणि लेणी राहूनच गेली. रात्री अकराला घरी आलो, तेव्हा दिवसातले आठ तास गाडीत गेले होते.

३/ आता ‘रविवार’. ही सुट्टी आपल्याला पंचांगाने दिलेली नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतील गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. मागण्या साध्या होत्या : रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढाच कामाचा वेळ. निवेदनावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या.

४/ ती सुट्टी मिळायला आणखी सहा वर्षे लागली. एप्रिल १८९०च्या सभेला सुमारे १०,००० कामगार जमले. दोन कामगार स्त्रियांनीही तेथे भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. एवढ्या कष्टाने मिळालेला दिवस घाटातल्या रांगेत घालवणे मला केवळ गैरसोयीचे नव्हे, काहीसे कृतघ्नपणाचे वाटते.

५/ ‘जायचे’ हा शब्द आगगाडीने बदलला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हे ३४ किलोमीटरचे अंतर प्रवासी गाडीने प्रथम कापले. १८६३ मध्ये रूळ बोरघाट चढून गेले. १९०७ मध्ये नेरळहून माथेरानची छोटी गाडी सुरू झाली. सकाळी निघून दिवेलागणीला परतणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले ते या रुळांमुळे. आज मात्र सहल म्हटली की आपण प्रथम गाडी भाड्याने मिळेल का, हे पाहतो.

६/ राहिला ‘कुठे’. नगराबाहेरच्या निवांतपणाची ओढ मुंबईहून कितीतरी जुनी आहे. बौद्ध विनयग्रंथांत बिंबिसार राजा बुद्धासाठी निवासस्थान शोधतो, तेव्हा त्याची कसोटी मोठी व्यवहारी आहे : जागा नगरापासून फार दूर नसावी, फार जवळही नसावी, येण्याजाण्यास सोयीची असावी आणि गलबल्यापासून मुक्त असावी. यातून वेळुवनाची निवड झाली. एका दिवसाच्या सहलीसाठी याहून नेमकी कसोटी माझ्या वाचनात नाही.

७/ या कसोटीला पुरेपूर उतरणारे स्थळ मुंबईच्या आतच आहे : कान्हेरी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शंभराहून अधिक लेणी. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपासून सुमारे हजार वर्षे येथे भिक्षूंचा वावर होता. खोल्यांबाहेर दगडातच कोरलेले बाक आहेत, जवळ पाण्याची टाकी आहेत, आणि डोंगरावरचे पावसाचे पाणी त्या टाक्यांत आणणारे पाटही आहेत.

८/ हा निवांतपणा उभारला कोणी? येथील ब्राह्मी शिलालेख कल्याण, सोपारा, नाशिक अशा गावांतील दात्यांची नावे सांगतात. त्यांत व्यापारी आहेत, तसे कल्याणचे लोहार आणि सोनारही आहेत. म्हणजे बाजारपेठेतल्या माणसांनीच आपल्या कमाईतून डोंगरातली शांतता घडवली. शहर आणि लेणी यांच्यात वैर नव्हते, येजा होती.

९/ आणखी एक गंमत. लेणे क्रमांक ९० मध्ये पहलवी लिपीतील लेख आहेत. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये येथे आलेल्या जरथुस्त्री मंडळींनी आपली नावे व भेटीचा दिवस त्यांत नोंदवला आहे. हजार वर्षांपूर्वी दुसऱ्या धर्माची माणसे समूहाने ही लेणी पाहायला आली होती! (हे वाचून खिळा घेऊन निघू नये. संरक्षित स्मारकावर नाव कोरणे आज गुन्हा आहे.)

१०/ म्हणून ‘शहरापासून पळ काढणे’ ही भाषाच मला चुकीची वाटते. पळणारा माणूस जितके दूर जाता येईल तितके जातो, आणि म्हणून सारा दिवस रस्त्यावर घालवतो. जो भेटीला निघतो, तो जवळचे एक ठिकाण निवडतो आणि तेथे थांबतो.

११/ यावर मैत्रिणींचा आक्षेप ठाऊक आहे : आठवडाभर राबल्यावर इतिहासाचा तास कशाला? आक्षेप रास्त आहे. शिलालेख वाचलाच पाहिजे असा माझा हट्ट नाही. पण चार स्थळांची यादी पुरी करणे ही विश्रांती नव्हे. तो सातव्या दिवशीचा कामाचा दिवस आहे.

१२/ तेव्हा आखणीचे माझे चार नियम.
• स्थळ एकच.
• एका बाजूचा प्रवास दोन तासांच्या आत, शक्यतो लोकलने.
• आदल्या रात्री मेगाब्लॉकचे वेळापत्रक पाहायचे.
• जितका वेळ प्रवासात, निदान त्याच्या दुप्पट वेळ स्थळी.

१३/ आरंभ कान्हेरीपासूनच करावा. सकाळची लोकल, बोरिवली स्थानक, पूर्वेकडून उद्यानाचे प्रवेशद्वार. लेणी तेथून काही किलोमीटर आत आहेत. सोबत पाणी आणि डबा घ्यावा, कचरा परत आणावा. सोमवारी उद्यान बंद असते. ऐन पावसात गेलात तर ते जुने पाट वाहताना दिसतील.

१४/ जाताना इमारतीच्या दारावरच्या पहारेकऱ्याला एकदा विचारा, त्याची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी असते. आमच्याकडच्या काकांना मी विचारले. ते म्हणाले, “बदली माणूस मिळाला, तर.” लोखंड्यांच्या सभांना एक शतक उलटून गेले आहे. आपल्या सोसायटीच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडता येईल. मी मांडणार आहे.

धागा येथे संपला. तुमच्या गावाजवळचे ‘फार दूर नाही, फार जवळ नाही’ असे ठिकाण कोणते, ते खाली अवश्य लिहा.