एक कोपरा रानाला द्या

बाग स्वच्छ असावी, हे सर्वांनाच मान्य आहे. पण स्वच्छ म्हणजे ओसाड नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दर रविवारी सकाळी मी बेळगावातल्या बागांतून फिरतो. शोभेच्या ताटव्यांपेक्षा कुंपणाकडेच्या रुईपाशी माझा वेळ जास्त जातो. आपण रुई म्हणतो, तिलाच आपले कन्नड मित्र एक्क म्हणतात. एक तांबूस फुलपाखरू, पंखांची टोके काळी-पांढरी, तिच्या पानांवर सुटे सुटे अंडे घालते. त्यातून निघणारी पट्टेदार अळी रुईचे विष पचवून अंगात साठवते. म्हणून पक्षी सहसा या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. गुलाबाच्या ताटव्यात ही अळी उपाशीच मरेल. मग ‘रान माजले’ म्हणून रुई उपटायची आणि फुलपाखरे दिसत नाहीत म्हणून हळहळायचे, याला काय म्हणावे?

पाचोळ्याचेही तेच. तो उलटापालटा करून सातभाई त्याखालचे किडे टिपतात. पाचोळा पेटवला की त्यांचे ताट जळते आणि आपल्या वाट्याला धूर येतो.

सगळी बाग रानावर सोडा, असे मी म्हणत नाही. मुलांना हिरवळ हवी, वृद्धांना नीट वाट हवी. पण एका कोपऱ्याला विळा न लावण्यास पैसा लागत नाही. मित्रहो, सुरुवात आपल्याच कॉलेजच्या आवारातून का करू नये?