पाठीस लागलेली मोटार

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्ही आमच्या एका वयोवृद्ध आप्तांच्या मोटारींतून पुण्याहून पनवेलीस निघालों होतों. गाडी तेच चालवीत होते. मागील आसनावर आम्ही व त्यांची सात वर्षांची नात. घाट उतरून गाडी सपाटीस लागली, रस्ता मोकळा मिळाला, आणि थोड्याच वेळांत एक पांढरी मोटार आमच्या पाठीस लागली. पाठीस लागली म्हणजे अक्षरशः पाठीस. दोन गाड्यांमध्यें तिसरी गाडी मावणार नाहीं एवढेंच अंतर. तिचे दिवे एकसारखे उघडझाप करीत होते व भोंगा थांबत नव्हता. नात आसनावर गुडघे टेकून मागच्या कांचेंतून पाहत होती. ती म्हणाली, "आजोबा, त्या काकांचे दांत दिसताहेत."

आजोबांनीं उत्तर दिलें नाहीं. ते आम्हांस म्हणाले, "मी शंभरानें चाललों आहें. याहून अधिक वेगानें जाण्यास कायद्याची परवानगी नाहीं. मग मी बाजूस कां व्हावें?" आणि एवढें बोलून त्यांनीं, त्या गृहस्थास धडा शिकवावा म्हणून, ब्रेकवर किंचित् पाय ठेवला. मागची मोटार एकदम खालीं दबली, डोलली, आणि पुन्हां तितकीच जवळ आली. तो एक क्षण आम्हांस अद्याप आठवतो. पुढें कांहीं वेळानें आमचे आप्त मधल्या मार्गिकेंत आले, पांढरी मोटार भुर्रकन् निघून गेली, आणि कळंबोलीस जेथें सर्वच वाहनें तुंबतात तेथें ती आमच्या पुढें बरोबर दोन गाड्या सोडून उभी असलेली दिसली.

त्या दिवशीं आम्ही सर्व दोष त्या पांढऱ्या मोटारीस देऊन मोकळे झालों. परंतु मागाहून विचार करितां आम्हांस असें दिसून आलें कीं, आमच्या आप्तांनीं कित्येक मैल उजवी मार्गिका सोडली नव्हती, आणि त्या सर्व काळांत मधली मार्गिका रिकामी होती. ही गोष्ट मनास थोडी टोंचली, म्हणूनच हा लेख लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालों.

मुंबई-पुणें द्रुतगती मार्ग २००२ साली संपूर्ण खुला झाला. सुमारें साडेचौऱ्याण्णव किलोमीटरांचा हा रस्ता. जाण्यास तीन व येण्यास तीन अशा सहा मार्गिका. त्याच बोरघाटांतून १८३० साली चाकांच्या गाड्यांसाठीं पहिला पक्का रस्ता झाला, तेव्हां वाहतूक बैलांच्या चालीनें होई. बैलगाडीच्या मागें बैलगाडी कितीही जवळ आली तरी फार तर शिंगास शिंग लागेल. आपल्या मनांतील अंतराची कल्पना अद्याप त्या बैलगाडीचीच राहिली आहे, असें आम्हांस वाटतें. वेग मात्र दसपटीहूनही वाढला.

इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांस हें गणित सहज करतां येईल. ताशीं १०० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदांत सुमारें २८ मीटर जाते. पुढें कांहीं विपरीत घडलें हें डोळ्यांस दिसून, मनांत भरून, पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध मनुष्याससुद्धां सुमारें एक सेकंद लागतो. म्हणजे गाडी थांबूं लागण्यापूर्वींच २८ मीटर गेली. त्यानंतर, रस्ता कोरडा व ब्रेक उत्तम असले तरी, ती पूर्ण थांबण्यास आणखी पन्नास-साठ मीटर घेते. वेग दुप्पट झाला कीं हें दुसरें अंतर दुप्पट होत नाहीं, चौपट होतें. हा नियम पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत आपण वाचतों व परीक्षा झाली कीं विसरतों. आतां पांढऱ्या मोटारीचा विचार करा. तिच्या व आमच्यामध्यें चार मीटर अंतर होतें असें धरलें तर तें एका सेकंदाच्या सातव्या हिश्शांत संपणारें होतें. तो गृहस्थ कितीही कुशल असो, आमची गाडी एकाएकीं थांबती तर त्यानें काय केलें असतें याचें उत्तर एकच आहे: कांहींच नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, पुढची गाडीही जागच्या जागीं थांबत नाहीं. तिलाही थांबण्यास अंतर लागतेंच. हें खरें आहे. म्हणूनच पुढील वाहनापासून निदान दोन सेकंदांचें अंतर पुरतें असें जाणते सांगतात. शंभराच्या वेगास हें सुमारें ५५ मीटर होतें. जर्मनींत लोक याहून सोपा हिशेब करितात: वेगमापकावरील आंकड्याचें निम्में, तितके मीटर. परंतु पुढची गाडी एखाद्या उभ्या मालमोटारीवर आदळून थांबली तर ती जागच्या जागींच थांबते, आणि मग दोन सेकंदही कमी पडतात. पावसांत तें अंतर दुप्पट धरावें. समृद्धी महामार्ग २०२५ साली नागपुरापासून मुंबईजवळ आमणेपर्यंत ७०१ किलोमीटर पूर्ण झाला. तेथें मोटारींस ताशीं १२० ची मुभा आहे, म्हणजे दोन सेकंदांस ६७ मीटर.

पुढील वाहन अकस्मात् थांबलें तरी आपण त्यावर आदळणार नाहीं इतकें अंतर ठेवावें, असें १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत होतें, आणि त्यांच्या जागीं २०१७ साली आलेल्या नियमांतही तें आहे. नियम नाहीं म्हणून हें चालतें असें नव्हे. २०२२ साली आपल्या देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं, असा सरकारी आंकडा आहे. एखादें मध्यम शहर एका वर्षांत ओस पडावें, तसें हें झालें.

मात्र अंतर ठेवण्यास लोक कां कचरतात, त्यामागचें कारणही ऐकून घेतलें पाहिजे. "मीं जागा सोडली कीं दुसरा कोणी तींत घुसतो," असें प्रत्येक वाहनचालक म्हणतो, आणि तें खोटें नाहीं. पण घुसणाऱ्यानें आपलें नेलें काय? त्यास येऊं देऊन आपण पुन्हां तितकेंच अंतर सोडलें, तर आपले जेमतेम दोन सेकंद गेले. पुण्याहून पनवेलीपर्यंत वीस जण असे घुसले तरी चाळीस सेकंद होतात. चहास थांबल्यावर कप निवण्यास याहून अधिक वेळ लागतो. आणि शंभराऐवजीं एकशें दहानें संपूर्ण मार्ग कापला तर वांचतात किती? पांच मिनिटें, तींही रस्ता अथपासून इतिपर्यंत मोकळा मिळाला तर.

आतां मार्गिकेविषयीं. उजव्या मार्गिकेस आपल्याकडे 'फास्ट लेन' म्हणण्याची चाल पडली आहे, आणि बरेंचसें अनिष्ट त्या नांवांतूनच निघालें आहे असें आमचें मत आहे. ती वेगवानांची किंवा मोठ्या किंमतीच्या मोटारींची राखीव जागा नव्हे. ती पुढें जाण्याची जागा आहे. पुढील वाहन ओलांडावें व पुन्हां डावीकडे यावें, एवढाच तिचा उपयोग. आमच्या आप्तांसारखा पापभीरु मनुष्य शंभराच्या कांट्यावर तेथें बसून राहतो, तेव्हां त्यास वाटतें कीं आपण कायदा पाळीत आहों. प्रत्यक्षांत तो एक नियम पाळून दुसरा मोडीत असतो. मागच्याचा वेग मोजण्यास पोलीस आहेत, आणि २०२४ पासून द्रुतगती मार्गावर वेग व मार्गिका दोन्ही टिपणारे कॅमेरेही आहेत. तें काम आपण आपल्या गाडीच्या पाठीनें करूं नये. विशेषतः त्या पाठीशीं नात बसलेली असतांना तर नाहींच.

मालमोटारवाल्यांचीही बाजू येथें मांडली पाहिजे, कारण शिव्या त्यांस सर्वांत अधिक मिळतात. चढावर ओझ्याची मालमोटार तिन्ही मार्गिका अडविते, मग सुज्ञ मनुष्यासही डावीकडून वाट काढावी लागते, हें आम्हीं पाहिलें आहे व तें वाईटच आहे. परंतु डावी मार्गिका धरून जाणाऱ्यास तेथें कोठें बिघडलेली गाडी, कोठें छायाचित्र काढण्यास उतरलेलें कुटुंब आडवें येतें. भरलेली मालमोटार थांबविणें व पुन्हां हलविणें किती कष्टाचें असतें तें आपणांस आपल्या हलक्या मोटारींत बसून कळत नाहीं. म्हणून तोही डावी बाजू सोडतो. एकाचा गैरशिस्तपणा दुसऱ्यास गैरशिस्त करितो, तो असा.

याच संबंधांत एक जपानी प्रयोग विद्यार्थ्यांस सांगण्यासारखा आहे. २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर २२ मोटारी सोडल्या व चालकांस सारख्या वेगानें, सुमारें ताशीं ३० किलोमीटरांनीं, जाण्यास सांगितलें. मार्गावर खड्डा नाहीं, सिग्नल नाहीं, वळून येणारें कोणी नाहीं. तरीसुद्धां थोड्या वेळांत एकानें किंचित् वेग कमी केला, मागच्यानें त्याहून अधिक, त्याच्या मागच्यानें त्याहूनही अधिक, आणि शेवटीं कांहीं गाड्या अगदीं उभ्या राहिल्या. ही कोंडी लाटेसारखी उलट दिशेनें फिरूं लागली. या प्रयोगाचा वृत्तांत २००८ साली प्रसिद्ध झाला. द्रुतगती मार्गावर अपघात नसतां, काम चालू नसतां गाड्या कां थबकतात, असें आपण विचारतों. त्याचें एक उत्तर येथें आहे. अंतर असलें तर पुढच्याचा लहानसा अडखळा मागच्यापर्यंत पोंचण्यापूर्वींच विरून जातो. पाठीस चिकटलेला चालक तो अडखळा वाढवून मागें पाठवितो, आणि मग स्वतःही अशाच कुणाच्या तरी लाटेंत अडकून भोंगा वाजवीत बसतो.

असा कोणी पाठीस लागलाच तर काय करावें? ब्रेकनें धडा शिकवूं नये, हें आम्हीं त्या दिवशीं शिकलों. वेग वाढवून त्याच्यापुढें पळूंही नये; तो तितकाच वेग वाढवितो व आपण दोघेही अधिक वेगानें तितक्याच जवळ राहतों. आपल्या पुढचें अंतर हळूहळू वाढवावें, म्हणजे आपणांस एकदम ब्रेक दाबण्याची वेळच येणार नाहीं व मागच्या उतावळ्याचीही सोय आपणच पाहूं. आरशांत पाहून, इंडिकेटर पुरेसा आधीं देऊन, जागा मिळतांच डावीकडे यावें. तो ओलांडून जात असतां आपला वेग वाढवूं नये. हाही नियमच आहे, आणि मोडला जातो तो बहुधा अभिमानानें. जातांना त्यानें हातवारे केले तर तिकडे पाहूं नये.

विद्यार्थीमित्रहो, तुम्हांस वाहन चालविण्याचा परवाना मिळण्यास अवकाश आहे, तेव्हां हें सर्व आम्हांस कशाला, असें तुम्हांस वाटेल. पण मोटारींत तुमची जागा मागें असते, आणि मागून येणाऱ्या आघातास सर्वांत जवळ तुम्हीच असतां. मागील आसनावरही पट्टा बांधणें आवश्यक आहे. आमच्या त्या प्रवासांत नात गुडघ्यांवर बसली होती व आम्ही, मास्तर म्हणविणारे, तिला कांहीं बोललों नाहीं. दुसरें असें कीं, "बाबा, त्याला मागें टाका," हे शब्द मागच्याच आसनावरून येतात. वडिलांच्या उजव्या पायावर त्यांचा किती परिणाम होतो हें वडील कधीं कबूल करणार नाहींत, पण आम्हांस ठाऊक आहे; आम्हीही लहानपणीं तसें ओरडत असूं. आणि पालकांसही विनंति आहे कीं, परीक्षेस उशीर झाला म्हणून मुलास सोडण्यास निघतां तेव्हां उशीर घरींच झालेला असतो. तो रस्त्यावर भरून काढूं नये; शाळेचें दार पांच मिनिटें उशिरानें आलेल्यास बंद होत नाहीं.

परतीच्या प्रवासांत आम्ही नातीस पट्टा बांधून बसविलें व एक खेळ शिकविला. पुढची मोटार रस्त्याकडेच्या एखाद्या खांबापाशीं पोंचली कीं "एक हजार एक, एक हजार दोन" असें सावकाश म्हणावयाचें. तें म्हणून होण्यापूर्वीं आपण त्या खांबापाशीं पोंचलों तर आजोबा हरले. आजोबांनीं पहिल्यानें कपाळास आंठ्या घातल्या. तळेगांव जवळ येईतों मात्र ते मधल्या मार्गिकेंत स्थिर झाले होते. एवढ्यांत डावीकडून एक लाल मोटार आमच्या पुढें शिरली. आम्हांस वाटलें, आतां भोंगा वाजणार. आजोबांनीं पाय उचलला, गाडी थोडी मागें राहूं दिली, आणि मागून नातीचा आवाज आला, "थांबा हं आजोबा, आतां लाल गाडी. एक हजार एक..."