पाने माफ, फुले गुन्हा

महाशिवरात्रीला बीडच्या बाजूने परळी वैजनाथाच्या दर्शनाला निघालेला यात्रेकरू सिरसाळ्यावरून पुढे जातो. शंकराच्या नावाशी भांगेचे नाते जोडण्यात त्याला काही वावगे वाटत नाही. पिढ्यानपिढ्या ते जोडले गेलेले आहे. परंतु त्याच यात्रेकरूने भांगेची गोळी परवान्यावाचून खिशात बाळगली, तर १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात तो गुन्हेगार ठरतो. तीच गोळी त्याने वाराणसीला विश्वनाथाच्या दर्शनानंतर सरकारमान्य दुकानात विकत घेतली असती, तर त्याला कोणी हटकले नसते. गुजरातेत हाच जुना मुंबई कायदा लागू होता. तेथील सरकारने २०१७ साली भांग त्यातून वगळली. देव एकच, वनस्पतीही एकच, राज्याची हद्द तेवढी बदलली.

गांजाला मर्यादित मुभा देणाऱ्या देशांची चर्चा निघाली की कॅनडा, जर्मनी, थायलंड ही नावे पुढे येतात. वास्तविक त्या यादीत भारताचे नाव कितीतरी आधी घालावे लागेल. १९८५ साली संसदेने संमत केलेला आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला अमलात आलेला अमली पदार्थविरोधी कायदा, ज्याला पोलीस ठाण्यापासून न्यायालयापर्यंत सारे ‘एनडीपीएस’ म्हणून ओळखतात, गांजाची व्याख्या मोठ्या काटेकोरपणे करतो. झाडाचा फुलोरा किंवा फळधारी शेंडा म्हणजे गांजा. शेंड्यासोबत नसलेली पाने आणि बिया म्हणजे गांजा नव्हे. झाडाचा चीक म्हणजे चरस, तो निषिद्ध. पानांची भांग मात्र ज्या त्या राज्याच्या मर्जीवर सोडलेली. एका झाडाचे असे तुकडे करून एकाला देवघर आणि दुसऱ्याला तुरुंग दाखवणारा हा कायदा परकीय पाहुण्याला चमत्कारिक वाटल्यास नवल नाही.

तथापि त्या पाहुण्याला निदान सावध तरी केले जाते. परदेशी सरकारे भारतात निघालेल्या आपल्या नागरिकांना येथील कडक शिक्षांची आगाऊ ताकीद देतात. गोव्याच्या किनाऱ्यावर १९७० च्या सुमारास जमलेल्या हिप्पींचे दिवस आठवून आजही तेथे सारे चालते असे समजू नये, हे सुज्ञ प्रवाशाला ठाऊक असते. एक किलोपर्यंतचा गांजा किंवा शंभर ग्रॅमपर्यंतचा चरस जवळ सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गांजा वीस किलो किंवा चरस एक किलो झाला की किमान दहा आणि कमाल वीस वर्षे. आरोपी परदेशी आहे म्हणून यात सवलत नाही. पण अटक झाल्यास आपल्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क त्याला १९६३ च्या व्हिएन्ना करारान्वये आहे, आणि ती वकिलात त्याची चौकशी करते. सिरसाळ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याची अशी चौकशी करणारे कोण आहे? आपल्याच देशाच्या कायद्यात तो त्या पाहुण्याहून अधिक परका आहे.

हा कायदा येथे कसा आला हेही पाहिले पाहिजे. इंग्रज सरकारने १८९३ साली गांजा, भांग आणि चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला होता. त्याने हजारावर साक्षी नोंदवल्या आणि १८९४ साली सात खंडांचा अहवाल दिला. त्या काळी मुंबई इलाख्यात गांजाच्या लागवडीचे मुख्य केंद्र होते अहमदनगर जिल्हा, म्हणजे निजामाच्या ताब्यातील बीडचा सख्खा शेजारी. माफक सेवनाने विशेष अपाय होत नाही, सरसकट बंदी अनावश्यक आहे आणि बंदी घातल्यास गरीब माणूस अधिक घातक नशेकडे वळेल, असा आयोगाचा निष्कर्ष होता. अबकारीच्या उत्पन्नावर डोळा असलेल्या सरकारला हा निष्कर्ष गोड लागला असणार, हे उघड आहे. परंतु तेवढ्यावरून तो खोटा ठरत नाही. पुढे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या वेळी पाने आणि बिया व्याख्येबाहेर राहिल्या आणि गांजाचा प्रचलित वापर थांबवण्यासाठी पंचवीस वर्षांची सवलत ठेवली गेली. ती संपण्यापूर्वीच दिल्लीने १९८५ चा कायदा केला. जगभर कठोर बंदीचा आग्रह धरण्यात ज्या अमेरिकेचा पुढाकार होता, तिच्या कोलोरॅडो राज्यात २०१४ पासून गांजा दुकानात मिळू लागला. एनडीपीएसची कलमे मात्र मराठवाड्याच्या पोलीस ठाण्यांत कायम आहेत.

याचा अर्थ गांजा निरुपद्रवी आहे असा कोणी काढू नये. कोवळ्या वयात लागलेली सवय मनाला कायमची इजा करू शकते, आणि कष्टकऱ्याची मजुरी चिलमीत जाळली जाते तेव्हा उपास घरातल्या बायकामुलांना घडतो. १९८५ च्या आसपास मुंबई-पुण्याला गर्दने विळखा घातला होता आणि १९८६ साली डॉ. अनिल अवचट व डॉ. सुनंदा अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले, हा इतिहास मराठी वाचकाला परिचित आहे. व्यसनी माणूस हा रोगी आहे, ही जाणीव त्या कार्याने रुजवली. खुद्द कायद्यातही तिला जागा आहे. केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने सरकारी अथवा सरकारमान्य रुग्णालयात उपचार पूर्ण करील, तर कलम ६४-अ खाली त्याच्यावर खटला चालत नाही. सिरसाळ्याच्या एखाद्या आईला हे कलम कोणी समजावून सांगितले, तर मुलाला लपवून ठेवण्याऐवजी ती त्याला घेऊन अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयाची वाट धरील. पण गावात येतो तो छापा. कलम सांगायला कोणी येत नाही.

छाप्यांच्या बातम्या वृत्तपत्रांत वरचेवर येतात. कापसात, तुरीत, उसात गांजाची झाडे सापडली, इतके किलो माल जप्त झाला, इतक्या लाखांचा ऐवज हस्तगत झाला. हा ‘इतके किलो’ शब्द नीट तपासला पाहिजे. अनेक प्रकरणांत झाडे मुळासकट उपटून ओलीच तोलली जातात. खोड, फांद्या, पाने, चिकटलेली माती, सारे वजनात धरले जाते. कायद्यात गांजा म्हणजे केवळ शेंडा. काट्यावर मात्र अख्खे झाड. असे वजन वीस किलोंच्या वर गेले की प्रकरण ‘व्यापारी प्रमाणा’त जमा होते. मग कलम ३७ आडवे येते आणि आरोपी निर्दोष असावा असे न्यायालयाला सकृद्दर्शनी वाटल्यावाचून जामीन मिळत नाही. शेंडे नसलेली पाने व फांद्या गांजाच्या व्याख्येत बसत नाहीत, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी २०२२ साली एका जामीन अर्जावर निकाल देताना स्पष्ट केले. लागवड हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे खरेच. तरीही जामिनावर घरी राहून खटला लढवणे आणि तो संपेपर्यंत कोठडीत सडणे यांतील अंतर बहुतेक वेळा त्या काट्यावर ठरते. उच्च न्यायालयापर्यंत पोहोचणारा वकील ज्याला परवडतो, त्याच्या पदरात व्याख्या पडते. बाकीच्यांच्या वाट्याला वजन.

शेतकरी या धोक्यात का पडतो, याचे उत्तर त्याच्या हिशेबाच्या वहीत आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुक्याच्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला की, कोणत्याच पिकाला भाव मिळत नाही, तेव्हा दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी द्यावी. त्या अर्जाची पुष्कळ थट्टा झाली. परंतु उत्तराखंडात तंतू व बियांसाठी कमी नशेच्या भांगेचे परवाने २०१८ पासून दिले गेले आहेत, आणि पानांपासून केलेली ‘विजया’ आयुर्वेदिक औषधांच्या परवान्यावर शहरांत बाटलीबंद विकली जाते. भांडवल आणि वकील पदरी असलेल्यांना या वनस्पतीतून कायदेशीर व्यापार दिसतो. नांगर धरणाऱ्याने तोच विचार बोलून दाखवला की तो हास्यास्पद ठरतो.

जे देश दरवाजे किलकिले करतात, त्यांचा अनुभवही बोलका आहे. उरुग्वेने २०१३ साली कायदा केला तो आपल्या नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठी. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढाला पंचवीस ग्रॅम जवळ बाळगता येतात, पण लागवड मंडळाचे सदस्य होण्यास किमान सहा महिन्यांचे वास्तव्य लागते. म्हणजे प्रवाशाला बाळगण्याची मुभा आहे, घेण्याची सोय नाही. कॅलिफोर्नियात राहणारा मराठी अभियंता राज्याच्या कायद्यानुसार दुकानात जाऊ शकतो, पण संघराज्याच्या दृष्टीने तो गुन्हाच असल्याने नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी तेच त्याच्या मुळावर येऊ शकते.

थायलंडची गोष्ट तर थेट मुंबईच्या विमानतळाला येऊन भिडते. ९ जून २०२२ रोजी त्या देशाने गांजा निषिद्ध पदार्थांतून वगळला आणि बँकॉकच्या रस्त्यांवर दुकाने फुलली. २०२५ च्या जूनमध्ये वैद्याच्या चिठ्ठीवाचून विक्रीला पुन्हा मनाई झाली. दरम्यान बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात पाण्यावर वाढवलेला महागडा गांजा मुंबईत कस्टम्सच्या हाती वारंवार लागू लागला. फुकट सहलीच्या आणि चार पैशांच्या आमिषाने ती पेटी हाती घेणारा तरुण बहुधा बेकार असतो. पेटी देणारा क्वचितच सापडतो. थायलंडात दुकानावर विकले जाते ते भारतात आणले तर काय होईल, हे त्याला विमानात बसवणारा सांगत नाही.

सिरसाळ्याच्या परिसरातील कित्येक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतात. शेतात तूर उभी असते. रान वाटेकऱ्याच्या किंवा भावकीच्या हवाली असते. आपल्या जमिनीत गांजाची बेकायदा लागवड झाल्यास तत्काळ खबर देणे हे जमीनधारकाचे कर्तव्य आहे, असे कलम ४६ सांगते. सरपंच, पंच आणि गावपातळीवरील सरकारी नोकरांवरही कलम ४७ ने तीच जबाबदारी टाकली आहे. जाणूनबुजून खबर न देणारा शिक्षेस पात्र ठरतो. आणि आरोपीच्या मनात दोष होता असे कलम ३५ खाली न्यायालय गृहीत धरते, ते खोडून काढण्याचा भार आरोपीवर. सहा महिने कारखान्याच्या फडावर कोयता चालवणाऱ्या माणसाने आपल्या तुरीच्या ओळींत काय उगवले होते हे ठाऊक नव्हते, असे कशाच्या आधारे सिद्ध करावे? अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर नेण्याची मागणी करता येते, हे कलम ५० त्याने ऐकलेलेही नसते. कोठडीतील कोणालाही सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो, ही १९८७ च्या विधी सेवा कायद्यातील तरतूदही त्याच्या कानावर गेलेली नसते.

ही चार-पाच कलमे मराठीत एका पानावर मावतात. तालुका विधी सेवा समितीने ती छापावीत, ग्रामसेवकाने ग्रामसभेत मोठ्याने वाचावीत आणि पोलीस पाटलाने तांड्यावर व वस्तीवर जाऊन सांगावीत. उचल घेऊन टोळ्या ट्रॅक्टरवर चढल्या की वाचून दाखवायला गावात म्हातारी माणसे तेवढी उरतात. म्हणून हे काम दसऱ्याच्या आत व्हायला हवे.